पिनेची दोन, शिलाईची पाच

वकीलबाईंनी ते मृत्युपत्र हातात घेतलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, उघडून परत मिटलं आणि ताईला विचारलं, "हे काय आहे?"

"मृत्युपत्र," ताई म्हणाली. "आप्पांचं."

"ते कळलं हो. पण हे काय आहे?" त्यांनी हिरव्या पुठ्ठ्यावर बोट टेकवलं.

"हाफ बाइंडिंग. पाठ आणि कोपरे कापडी, वर हिरवा कागद. आत अबरी, त्या रंगीत लाटा दिसतायत ना, ती."

ताईच्या आवाजात अभिमान होता आणि तो लपवावा हे तिला सुचलंही नाही. पाच पानांना हाफ बाइंडिंग करणं सोपं नसतं. पाठच धरत नाही. आत कोऱ्या कागदांची भर घालून जाडी आणावी लागते, आणि तरीही ते पुस्तक न वाटता कागदपत्र वाटलं पाहिजे. तिने त्यावर तीन दिवस घालवले होते. आप्पांचं शेवटचं काम म्हणून कोणाचीही घाई तिने ऐकून घेतली नव्हती.

बाइंडिंगखान्यातल्या लांब टेबलाभोवती त्या सकाळी पाच माणसं होती. आप्पांना जाऊन तीन आठवडे झाले होते. "सगळ्यांना एकदाच समजावून सांगते, म्हणजे नंतर एकमेकांच्या तक्रारी घेऊन मला फोन नकोत," असं म्हणून वकीलबाईंनीच ही बैठक ठरवली होती. टेबलाच्या टोकाला दादा बसला होता, भावंडांत थोरला, विमा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला आणि घरात अजून न झालेला. त्याच्या शेजारी वहिनी. समोर धाकटा, चष्म्याच्या दुकानाचा मालक, ज्याला गप्प बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. आणि मध्ये ताई. वयानेही ती दोघांच्या मधलीच. एकोणिसाव्या वर्षी आप्पांच्या हाताखाली कामाला बसली, ती चोपन्नाव्या वर्षीही त्याच स्टुलावर होती. सगळं घर तिला ताई म्हणायचं, थोरल्यासकट.

"तुम्हाला हे असं बांधलेलं मिळालं?" वकीलबाईंनी विचारलं.

"छे! पाकिटात होतं. कोपऱ्यात स्टेपलची एक पिन, तीही गंजलेली. कागदाला तपकिरी डाग पडायला लागला होता." ताईला ते आठवूनही कसंसंच झालं. "आप्पांचा कागद, आप्पांची सही, आणि त्याला पिन! दुसऱ्या कोणीतरी मारली असणार. आप्पा मरतील पण पिन मारणार नाहीत."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की यातलं पहिलं त्यांनी करून दाखवलंच आहे. धाकट्याने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

आप्पांचं आणि पिनांचं वैर या घरात सगळ्यांनी सोसलं होतं. गिऱ्हाईक पिना मारलेले कागद घेऊन आलं की आप्पा आधी त्याला बसवायचे, पाणी द्यायचे आणि मग पिनेवर अर्धा तास बोलायचे. दादाच्या शाळेचं प्रगतिपुस्तक पिनेचं होतं म्हणून त्यांनी ते उसवून, शिवून परत पाठवलं होतं. हेडमास्तरांनी त्या शिलाईचं कौतुक केलं, गुणांबद्दल मात्र चिठ्ठीत वेगळं लिहिलं.

"मग तुम्ही काय केलंत?" वकीलबाईंनी पेनचं टोपण काढलं.

ताईने सगळं सांगितलं. पिन हाडाच्या पट्टीने अलगद उचलली. डाग कोरड्या ब्रशने झटकला. पानं दोन दिवस शिकंज्यात दाबून ठेवली. मग पाच भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवली. सांगताना तिचे हात हवेत शिवत होते. वकीलबाई लिहीत होत्या, आणि लिहिता लिहिता त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"म्हणजे आता यात भोकं किती?"

"सात. पिनेची दोन, शिलाईची पाच."

"अरे देवा," वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

टेबलाभोवती सगळे सरसावून बसले. मृत्युपत्राचं नाव काढल्यापासून तीन आठवडे जो तो फार समजूतदारपणे वागत होता, आणि आता कोणीतरी चुकलं आहे म्हटल्यावर सगळ्यांना जरा मोकळं वाटलं.

"नीट ऐका," वकीलबाई म्हणाल्या. "मृत्युपत्र केलं म्हणजे झालं असं नसतं. ते अस्सल आहे, शेवटचं आहे, हे कोर्टाने मान्य करावं लागतं. त्यालाच प्रोबेट म्हणतात. कोर्टाचा शिक्का मिळाला की मग एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा माणूस, कामाला लागतो. इथे आप्पांनी ते काम मला दिलंय. तर आपण अर्ज करायचा, सोबत अस्सल प्रत द्यायची. झेरॉक्स चालत नाही. ती प्रत आधी तिथल्या कारकुनाच्या हातात जाते. तो पहिल्यांदा काय बघतो, सांगा."

"सही," धाकटा म्हणाला.

"तारीख," वहिनी म्हणाली.

"भोकं!" वकीलबाई म्हणाल्या. "पिनेची भोकं. एकदाच पिन मारलेली असली तर दोन भोकं. चार दिसली की तो विचारतो, पानं सुटी का केली? मधलं एखादं पान बदललं का? आणि तुम्ही मला सात भोकं, एक पुठ्ठा आणि रंगीत लाटा देताय."

"पण मी एक अक्षरही बदललेलं नाही," ताई म्हणाली.

"मला ठाऊक आहे. पण यात लिहिलंय काय? खालचा बाइंडिंगखाना यंत्रांसकट तुम्हाला. वरचं घर दोघा मुलांना निम्मं निम्मं, आणि तुम्ही आहात तोवर तुमची खोली तुमची. म्हणजे जास्त फायदा कोणाचा? तुमचा. आणि पानं सुटी कोणी केली?"

ताईने आयुष्यात हजारो पुस्तकं उसवली होती, पण उसवण्याचा असाही अर्थ निघू शकतो हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं.

"एक विचारू?" वकीलबाईंनी मृत्युपत्र डोळ्यांपुढे आडवं धरलं. "या कडा इतक्या सारख्या कशा?"

बाइंडिंगखान्यात वाढलेल्या तिघांनाही उत्तर माहीत होतं.

"मशीनमधून काढल्या," ताई हळू आवाजात म्हणाली. "शिवल्यावर काढतातच. तीन बाजूंनी. फार नाही हो, सूतभर."

"कापल्यात?"

"सूतभर."

वकीलबाईंनी पानं उलटली. प्रत्येक पानाच्या तळाशी आप्पांची छोटी सही होती. आप्पांच्या सहीला एक लांब शेपूट असायचं, खाली जाऊन डावीकडे वळणारं, त्यांच्या स्वतःच्या मते फार रुबाबदार. पाचही पानांवर ते वळणाच्या आधीच संपलं होतं.

"आप्पांचं शेपूट कापलंस तू!" धाकट्याला आता हसू आवरेना. "ताई, अगं, ते जिवंत असताना कोणाला जमलं नाही ते!"

"तू गप्प बस," दादा म्हणाला, पण तोही हसत होता. वहिनीने पदराआड तोंड लपवलं. शेवटी वकीलबाईही हसल्या. ताईला मात्र रडू येत होतं, आणि सगळे हसत असताना रडायला तिला लाज वाटली, म्हणून तीही थोडी हसली.

"थांबा," धाकटा एकदम उठला. "कापलेल्या पट्ट्या! त्यांच्यावर शेपटं असतील. जोडून दाखवायची. कातरणीचं पोतं कुठाय?"

तो मशीनखाली वाकला आणि तिथलं पोतं त्याने फरशीवर पालथं केलं. सगळे गोळा झाले. वहिनी तर बैठकच मारून बसली. निळ्या पट्ट्या निघाल्या, रेघांच्या पट्ट्या निघाल्या, कुठल्याशा शाळेच्या वह्यांच्या मणभर कडा निघाल्या. वकीलबाईही चष्मा वर सरकवून एकेक पट्टी उजेडात धरून बघत होत्या. पाच मिनिटं झाली असतील. तोवर ताईला आठवलं.

"हे पोतं नवीन आहे," ती म्हणाली. "आधीचं गुरुवारी रद्दीवाला घेऊन गेला."

धाकट्याने हातातली मूठभर कातरण परत पोत्यात टाकली आणि गुडघे झटकत उठला. दादा तेवढा जागचा हलला नव्हता. ताईच्या ते लक्षात आलं आणि तिला ते आवडलं नाही.

"समजा," दादाने आता शांतपणे विचारलं, "कोर्टाने हे नाहीच मानलं, तर?"

"तर मृत्युपत्र नव्हतंच असं धरतात. कायद्याप्रमाणे तिघांना सारखा वाटा. खालचं, वरचं, यंत्रं, सगळ्यात."

"म्हणजे एकाने विकू म्हटलं तर?"

"तर बाकीच्या दोघांनी त्याचा वाटा घ्यावा, नाहीतर विकावं."

कोणीही ताईकडे पाहिलं नाही, यावरूनच सगळे तिचाच विचार करत आहेत हे दिसत होतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्याला खालची जागा हवी आहे, ही बातमी तीन आठवड्यांत दादाने चार वेळा सांगितली होती. दर वेळी अगदी सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता. धाकट्याने तेव्हा मान डोलावली होती आणि टेपने दर्शनी भिंतही मोजली होती. सवय म्हणून मोजली, असं त्याचं म्हणणं होतं. ताईकडे कोणाचाही वाटा विकत घेण्याची ऐपत नव्हती. तिच्याकडे शिकंजा होता, कापायचं मशीन होतं आणि पस्तीस वर्षं होती.

"साक्षीदाराला बोलवू या," वकीलबाई म्हणाल्या. "दोघांपैकी दाताचे डॉक्टर गेल्या वर्षी गेले. दुसरे?"

"समोरचे सलूनवाले काका," ताई म्हणाली, आणि धाकटा दारातूनच ओरडला.

काका खांद्यावर टॉवेल टाकून रस्ता ओलांडून आले. त्यांच्या मागे दारात एक गिऱ्हाईक एका गालाला फेस लावलेल्या अवस्थेत काय चाललंय ते बघत उभं राहिलं.

"सही केली ना, केली," काका म्हणाले. "याच टेबलावर. आप्पांनी आमच्यासमोर केली, मी आणि डॉक्टरांनी त्यांच्यासमोर केली. तिघं एका वेळी खोलीत होतो, कोणी उठलं नाही. आप्पांनी मुद्दाम दार लावलं होतं."

"उत्तम," वकीलबाई खुलल्या. "त्यांची तब्येत, डोकं, सगळं ठीक होतं?"

"डोकं? त्या दिवशी त्यांनी माझ्या कात्रीला धार नाही म्हणून मला ऐकवलं. डोकं शाबूत होतं."

"आणि पानं किती होती?"

"पानं मी कशाला मोजू? त्यांनी वर कोरा कागद धरला होता, खालची फक्त सहीची जागा उघडी. म्हणाले, वाचायचं नाही, सही करायची. मी म्हटलं, आप्पा, माझ्यासाठी काही ठेवलंय का यात? तर म्हणाले, तुला काही नाही म्हणूनच तुला बोलावलं."

"बरोबर आहे," वकीलबाई म्हणाल्या. "ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. त्याच्या नवऱ्याने किंवा बायकोनेही नाही. नाहीतर त्याला मिळणारं धोक्यात येतं."

"अगं बाई!" वहिनी एकदम म्हणाली. "म्हणून मला नको म्हणाले होते! मी आपली सहा वर्षं समजतेय, त्यांना माझी सही गावठी वाटते."

"गावठी आहेच ती," दादा म्हणाला.

"तुमची तरी कुठे मोत्यासारखी आहे?"

काका प्रतिज्ञापत्र द्यायला तयार होते, कोर्टात यायलाही तयार होते, फक्त सोमवारी नको, सोमवारी ते वर्षानुवर्षं कुठेही जात नसत. फेसवाल्या गिऱ्हाइकाला घेऊन ते गेले. वकीलबाईंनी वहीत एक खूण केली.

"सहीचा प्रश्न सुटला. राहिला पानांचा. आत जे लिहिलंय तेच तेव्हाही लिहिलेलं होतं, हे कोणी सांगायचं? ताईंनी मला सांगितलेलं सगळं प्रतिज्ञापत्रात लिहायचं, पुठ्ठ्यापासून शेपटापर्यंत, काही लपवायचं नाही. पण त्यांच्या शब्दाला वजन कमी, कारण फायदा त्यांचा. मला ज्याचा तोटा आहे अशा माणसाचा शब्द हवा."

"मी देतो लिहून," धाकटा तत्काळ म्हणाला. "माझा तोटाच आहे."

ताईने चमकून त्याच्याकडे पाहिलं. कातरणीत हात घातल्यापासून तो कुठल्या बाजूला आहे हे त्याचं त्यालाच कळेनासं झालं असावं.

"तुम्ही हे आधी वाचलं होतं?"

"नाही. पण ताई खोटं बोलत नाही."

"कोर्टाला ताई माहीत नाहीत."

"मग कोर्टाने एकदा वही बांधायला टाकावी इथे. कळेल."

"अरे भिंत मोजणारा तूच ना?" वहिनीने विचारलं.

"मोजली. बारा फूट भरली. पण मी विकू म्हटलं होतं का? दादा म्हणाला, मी मान डोलावली. दादापुढे मान डोलावतोच मी, लहानपणापासून."

"आता माझ्यावर ढकल," दादा म्हणाला.

"पुढचं ऐका," वकीलबाईंनी टेबलावर बोटं वाजवली. "अर्ज केला की कोर्ट सगळ्या वारसांना नोटीस काढतं. तुम्ही तिघांनी हरकत नाही म्हणून लिहून दिलं, तर काही महिन्यांत शिक्का मिळतो. एकाने जरी हरकत घेतली, तर हाच अर्ज खटला होतो. साक्षी, उलटतपासणी, वर्षं. आणि या सात भोकांवर कोणताही वकील ताईंना दोन दिवस पिंजऱ्यात उभं करेल. मी असते तर केलं असतं."

हे बोलताना त्या दादाकडे बघत होत्या. धाकटाही तिकडेच बघत होता. ताईने बघायचं टाळलं. ती टेबलाच्या कडेवरचा वाळलेल्या सरसाचा थेंब नखाने खरवडत राहिली. हरकत घेण्याचा दादाला पूर्ण हक्क आहे, हे तिला कळत होतं. तो मोठा मुलगा. त्याला आप्पांनी एका मजल्याचा अर्धा भाग दिला होता आणि तोही तिच्या खोलीच्या अटीसकट. शिवाय मध्ये दोन वर्षं तो या घरात पाय ठेवत नव्हता. आप्पा त्याच्या लग्नाच्या अल्बमला शाळकरी बाइंडिंग म्हणाले, त्यावरून बिनसलं, असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. इतक्याशा गोष्टीवरून दोन वर्षं रुसणारा माणूस आता काय करेल, याचा तिला अंदाज येत नव्हता. तिला फक्त भीती वाटत होती, आणि ती आता चांगलीच वाटत होती.

दादा छताकडे बघत होता.

"अहो," वहिनी म्हणाली. "तुम्ही सांगताय, का मी सांगू?"

"काय सांगायचंय?"

"वा! बेडरूममध्ये दोन दिवस टाइपरायटर बडवत होतात ते काय मी विसरले? मला वाटलं होतं राजीनामा लिहिताय. दोन दिवस मी खर्चाचा हिशोब मांडून बसले होते."

दादाने एक मोठा श्वास सोडला आणि खुर्चीत नीट बसला.

"मीच टाइप केलंय ते," तो म्हणाला. "मृत्युपत्र. पाचही पानं."

धाकट्याचं तोंड उघडं पडलं आणि त्यातून काहीच बाहेर आलं नाही.

"आप्पांना कॉम्प्युटरची छपाई नको होती. म्हणे शाई उडते. माझ्याकडे कचेरीतला जुना टाइपरायटर होता. ते इथे सांगत गेले, मी उतरवून घेतलं आणि घरी जाऊन बडवलं. खाली कार्बन लावला होता. ती प्रत माझ्याकडे आहे, शब्दाला शब्द. पिनही मीच मारली," तो ताईकडे बघून म्हणाला. "रागात होतो. मुद्दाम मारली."

"तू?" ताई म्हणाली.

"हो. आणि त्यांनी चालवून घेतली. यावरून समज, किती भांडलो असू."

"म्हणजे अल्बम..."

"अल्बमचं काय घेऊन बसलीस! अल्बमला ते आधीपासून नावं ठेवत होते. भांडण यावरून झालं." त्याने हिरव्या पुठ्ठ्यावर पंजा ठेवला. "तुम्ही सगळं तिला का देताय म्हणून भांडलो, असं वाटलं असेल तुम्हाला आता. तसं नव्हतं. मी म्हटलं, आप्पा, हा बाइंडिंगखाना तुम्ही तिच्या नावावर करताय, तिला विचारलंत का? तर म्हणाले, तिला काय विचारायचं, तिचंच आहे. मी म्हटलं, तिचंच आहे तर विचारायला काय जातं? एकोणिसाव्या वर्षी तिला या स्टुलावर बसवलंत तेव्हाही विचारलं नव्हतंत. मला विचारलंत. मी नको म्हणालो, कचेरीत गेलो. याला विचारलंत. हा काचा पुसायला गेला. उरली ती बसली. आता तुम्ही गेल्यावरही तिने इथेच बसायचं, आणि ते मी माझ्या हाताने टाइप करायचं?"

"मग?" धाकट्याला अखेर आवाज सापडला.

"मग काय, ते म्हणाले, स्वल्पविराम दे आणि पुढे चल. मी दिला. पाच पानं पूर्ण केली, पिन मारली आणि दोन वर्षं आलो नाही."

वकीलबाईंनी पेन हातात धरलं होतं, पण त्या लिहीत नव्हत्या.

गेल्या सहा वर्षांत या भावाबद्दल मनात जे जे म्हटलं होतं ते ताईला एकेक करून आठवत होतं आणि तिचा चेहरा तापत होता. ती त्याला हट्टी म्हणाली होती, मानी म्हणाली होती, एकदा तर सलूनवाल्या काकांकडेही म्हणाली होती.

"म्हणून तो दवाखाना?" तिने विचारलं.

"म्हणूनच. हिवाळ्यात तुझे हात सुजतात. शिकंजा फिरवताना तुझा खांदा वाजतो, मला जिन्यावर ऐकू येतो. मला वाटलं, कोणीतरी ही जागा मागितली तर तुला सुटता येईल. तू स्वतः कधी म्हणणार नाहीस."

"मग सरळ विचारायचं होतंस मला."

"विचारायचं होतं," दादा म्हणाला. "चार वेळा दवाखान्याचं बोललो. तू दर वेळी साखर किती म्हणून विचारलंस."

वहिनी खुदकन हसली आणि तिने लगेच तोंडावर हात धरला.

"आता विचारतो," दादा म्हणाला. त्याने खुर्ची ताईकडे वळवली. हेडक्लार्कचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "कोर्टाला मी कार्बन देईन, प्रतिज्ञापत्र देईन, काय हवं ते देईन. हरकत घेणार नाही, ती भीती सोड. पण आप्पांनी दिलं म्हणून घेऊ नकोस. तुला हे हवंय का? नको असेल तर आत्ता सांग. तुझा वाटा नीट मिळेल असं मी बघेन, आणि कोणाची बोलायची हिंमत होणार नाही."

पस्तीस वर्षांत हा प्रश्न ताईला कोणी विचारला नव्हता. तिने स्वतःही विचारला नव्हता. तिने टेबलाकडे पाहिलं. शिकंज्यात नगरपालिकेची जुनी नोंदवही होती, बुधवारी द्यायची. तिची पाठ अजून ओली होती. आणखी तासाभराने स्क्रू अर्धा फेरा आवळायचा होता, जास्त आवळला तर खळ बाहेर येते. हे तिच्याशिवाय आता कोणालाही ठाऊक नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी ती इथे रडत बसली होती, हे खरं होतं. मैत्रिणी कॉलेजला जात होत्या आणि तिच्या बोटांना खळीचा वास येत होता. ते रडणं कधी थांबलं ते तिला आठवेना. थांबलं होतं एवढं नक्की, आणि कोणी थांबवलं म्हणून थांबलं नव्हतं.

तीन आठवडे तिला वाटत होतं की तिला आप्पांचा शब्द मोडायची भीती आहे. आत्ता कळलं की आप्पांचा त्यात काही संबंध नव्हता.

"हवंय," ती म्हणाली. मग तिला ते पुरेसं वाटेना. "आप्पांनी दिलं नसतं, तर मी भांडून मागितलं असतं. तुझ्याशीसुद्धा."

"नक्की?"

"नक्की. आणि खांद्याचं मी बघते डॉक्टरकडे. तू जिन्यात कान लावून बसू नकोस."

आता तिला रडू आलं आणि या वेळी तिने ते आवरलं नाही. वहिनी उठून तिच्या मागे येऊन उभी राहिली. धाकटा खिशातून चष्मा पुसायचं फडकं काढून तिच्यापुढे धरून बसला, आणि विशेष म्हणजे काही बोलला नाही.

दादाने डोळे मिटून दोन बोटांनी नाकाचं हाड चोळलं. मग घसा साफ केला आणि वकीलबाईंकडे वळला.

"हं, घ्या लिहून. मी, मयताचा थोरला मुलगा, सत्य प्रतिज्ञेवर सांगतो की, सदर मृत्युपत्र आप्पांच्या सांगण्यावरून मी स्वतः टाइप केलं. त्याची कार्बन प्रत माझ्या ताब्यात असून ती सोबत जोडत आहे. मजकुरात काहीही बदल झालेला नाही. आणि त्यातली एकही ओळ मला तेव्हा पसंत नव्हती."

वकीलबाई लिहिता लिहिता थांबल्या. "शेवटचं वाक्य ठेवायचं?"

"ठेवा. कोर्टाला त्याच्यामुळेच पटेल."

"'तेव्हा' हा शब्दही ठेवू?"

दादाने ताईकडे पाहिलं. ती फडक्याने नाक पुसत होती.

"तो तर ठेवाच," तो म्हणाला.